बारदान तागाचे की प्लास्टिकचे?

कापडाच्या धंद्यात मालाचा भाव पैशापर्यंत पाहिला जातो, बारदानाचा हिशोब मात्र सहसा कोणी करत नाही. पूर्वी गाठी तागाच्या गोणपाटात शिवून येत. आता बहुतेक विणलेल्या प्लास्टिकमध्ये येतात. धान्याचेच पाहा. पन्नास किलोची सरकारी मापाची तागाची गोणी 580 ग्रॅमची, प्लास्टिकची साधारण तिच्या पाव वजनाची आणि बरीच स्वस्त. व्यापारी कोणीकडे वळणार हे उघड आहे.

पण प्लास्टिकचा कच्चा माल खनिज तेलातून येतो, आणि ताग दरवर्षी शेतातून. (आपल्याकडे हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग वेगळा, हा बंगालचा ज्यूट.) पीक सुमारे चार महिन्यांचे. वाढताना ते हवेतला कार्बन शोषून घेते, गळालेल्या पानांचे खत होते, काड्या चुलीला किंवा कुंपणाला लागतात, आणि त्याच शेतात पुढे भात लावता येतो. गोणी फाटली तरी मातीत कुजून जाते.

म्हणून ताग अगदी निर्दोष, असे समजू नये. धागा सुटण्यासाठी पेंढ्या दोन-तीन आठवडे साचलेल्या पाण्यात कुजवतात. त्यातून मिथेन निघतो, तळ्याचे पाणी नासते. गिरणीत धागा मऊ करायलाही खनिज तेलच वापरण्याची पद्धत होती. कॉफी आणि कोकोच्या परदेशी ग्राहकांनी हरकत घेतली, तेव्हा त्या मालासाठी वनस्पती तेलाच्या गोण्या निघाल्या. गिऱ्हाईक अडून बसले की कारखानदार वाट काढतो, तो असा.

देशात हा धंदा टिकला तो 1987 च्या कायद्यावर. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. 2023-24 च्या आदेशात सर्व धान्य आणि 20 टक्के साखर तागातच भरण्याची सक्ती होती. आपल्या साखर कारखान्यांनाही ती लागू. म्हणजे मोठे गिऱ्हाईक एकच, सरकार. 2020 च्या टाळेबंदीत गिरण्या थांबल्या, तेव्हा सरकारलाही प्लास्टिकच्या पोत्यांना मुभा द्यावी लागली.

माझ्या मते हिशोब गोणीच्या किमतीवर नव्हे, फेऱ्यांवर करावा. एकदाच भरली तर तागाची गोणी महागच. पण ती उसवून, रफू करून पुन्हा भरता येते, आणि जुन्या बारदानाला बाजारात भाव आहे. पुढच्या खरेदीत आडत्याला नव्या गोणीच्या दराबरोबर रिकामी गोणी तो कितीला परत घेईल, हेही विचारून पाहा.