स्वतःचे मुंडण

स्वतःचे मुंडण म्हणजे डोक्यावरील सर्व केस दुसऱ्याच्या मदतीशिवाय, स्वतःच्या हाताने मुळाशी कापून काढण्याची क्रिया होय. मुंडणाला मराठीत क्षौर, हजामत, चकोट करणे असे शब्द आहेत. बोलीत पूर्ण मुंडण केलेल्या डोक्याला 'तुळतुळीत गोटा' म्हणतात. 'केशवपन' या शब्दाचा मूळ अर्थही केस काढणे असाच आहे. मात्र विधवांच्या सक्तीच्या मुंडणाशी तो जोडला गेल्याने आज तो बहुधा त्याच अर्थाने वापरला जातो.

महाराष्ट्रात मुंडण हे परंपरेने दुसऱ्याकडून करून घेण्याचे काम आहे. नाभिक समाजाचा तो वंशपरंपरागत व्यवसाय असून वस्तरा, कात्री, नराणी, वाटी आणि आरसा ठेवण्याच्या पिशवीला 'धोकटी' म्हणतात. सुरक्षित पाते आणि विजेवर चालणारे केस कापण्याचे यंत्र (ट्रिमर) सहज मिळू लागल्यानंतर स्वतःचे मुंडण घरी करणे सोपे झाले. न दिसणारी बाजू हाताने चाचपत भादरावी लागत असल्याने या कामाची पद्धत न्हाव्याच्या पद्धतीपेक्षा वेगळी असते.

प्रसंग आणि परंपरा

हिंदू परंपरेत लहान मुलाचे जावळ काढणे (चौल किंवा चूडाकर्म), उपनयन, जवळच्या नातलगाचा मृत्यू आणि तीर्थयात्रा हे मुंडणाचे प्रमुख प्रसंग आहेत. नाशिक जिल्ह्यात गोदावरीकाठी नाशिकचे रामकुंड आणि त्र्यंबकेश्वर येथे श्राद्धादी विधींच्या वेळी क्षौर केले जाते. काही विधींत शेंडी राखून उर्वरित केस काढतात.

बौद्ध भिक्खूच्या आठ आवश्यक वस्तूंमध्ये वस्तऱ्याचा समावेश होतो. विनयाच्या नियमांनुसार केस दोन महिन्यांहून अधिक काळ किंवा दोन बोटांहून अधिक लांब ठेवता येत नाहीत. त्यामुळे भिक्खू एकमेकांचे किंवा स्वतःचे मुंडण करतात. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात श्रामणेर दीक्षेच्या वेळी मुंडण करण्याची प्रथा रूढ झाली. जैन मुनी मात्र पाते न वापरता केस हाताने उपटतात. या क्रियेला 'केशलोच' म्हणतात.

धार्मिक कारणांखेरीज टक्कल पडू लागल्यास उरलेले केस काढून टाकणे, उन्हाळ्यात सोय म्हणून केस काढणे, डोक्याच्या त्वचेवरील उपचार आणि कर्करोगाच्या औषधोपचारात होणारी केसगळती या कारणांनीही मुंडण केले जाते.

घरगुती मुंडणाचा प्रसार

किंग कॅम्प जिलेट यांच्या कंपनीने 1903 मध्ये बदलता येणाऱ्या पातळ पात्याचा सेफ्टी रेझर विक्रीस आणला. उघड्या वस्तऱ्याला धार लावण्याचे आणि तो विशिष्ट कोनात धरण्याचे कौशल्य नसलेल्या माणसालाही त्यामुळे स्वतःची दाढी करता येऊ लागली. डोक्याचे मुंडण मात्र पुढेही बहुतांशी न्हाव्याकडेच राहिले.

कोविड-19 च्या साथीत 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि केशकर्तनालये बंद राहिली. महाराष्ट्रात 28 जून 2020 पासून ती पुन्हा सुरू करण्यास परवानगी मिळाली. ती केस कापणे, रंगवणे अशा निवडक सेवांपुरती होती आणि त्वचेशी संबंधित सेवा तेव्हा वगळण्यात आल्या होत्या. या काळात अनेकांनी घरीच केस कापले किंवा डोके पूर्ण भादरले. त्याच वेळी या व्यवसायावर पोट असलेल्या कुटुंबांचे उत्पन्न थांबले.

वस्ती विखुरलेली असते तेथे घरगुती मुंडणाची उपयुक्तता टाळेबंदीपुरती मर्यादित राहत नाही. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागात, गुजरातच्या सीमेवर असलेला सुरगाणा हा डोंगराळ, आदिवासीबहुल तालुका असून तेथील बरीच वस्ती पाड्यापाड्यांत विभागलेली आहे. अशा भागात दुकान लांब असल्यास घरी केस काढणे हा सोयीचा पर्याय ठरतो. मात्र दवाखानाही तितकाच लांब असू शकतो. त्यामुळे जखम व संसर्ग टाळण्याला येथे अधिक महत्त्व येते.

केस आणि डोक्याची त्वचा

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि ते महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर वाढतात. त्वचेबाहेर दिसणारा केस निर्जीव असतो. वाढ होते ती त्वचेखालील केसमुळात. पाते केसमुळापर्यंत पोहोचत नसल्याने मुंडणामुळे केसांची संख्या, जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही दाढी केल्याने केसांची वाढ बदलत नसल्याचे आढळले. न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते, तर कापलेल्या केसाचे टोक बोथट असते. त्यामुळे नव्याने आलेले खुंट हाताला राठ लागतात आणि केस दाट झाल्याचा भास होतो. जावळ काढल्याने केस दाट येतात ही समजूत याच भासाशी निगडित आहे. बाळाचे पहिले मऊ केस वयानुसार आपोआपच जाड होत जातात.

डोक्यावर केसांची दिशा सर्वत्र सारखी नसते. माथ्याच्या मागील भागात असलेल्या भोवऱ्याभोवती केस वर्तुळाकार उगवतात आणि मानेजवळ ते आडवे किंवा वरच्या दिशेनेही असू शकतात. कवटीचा मागील उंचवटा, कानामागील हाड आणि मानेवरील त्वचेच्या घड्या या तीन ठिकाणी पाते लागण्याची शक्यता अधिक असते. डोक्याच्या त्वचेला रक्तपुरवठा भरपूर असल्याने लहान जखमेतूनही बरेच रक्त येते.

साधने

पूर्ण मुंडणासाठी कात्री, ट्रिमर, नवे पाते असलेला सेफ्टी रेझर किंवा अनेक पात्यांचा रेझर, दाढीचे क्रीम वा साबण, कोमट पाणी, स्वच्छ पंचा आणि दोन आरसे पुरेसे असतात. एक आरसा भिंतीवर आणि दुसरा हातात धरल्यास डोक्याची मागची बाजू दिसते. आरशात हालचालीची दिशा उलटी भासत असल्याने प्रत्यक्ष पाते फिरवताना स्पर्शावर अधिक भर द्यावा लागतो.

उघडा वस्तरा स्वतःच्या डोक्यावर वापरणे धोक्याचे आहे. न्हावी उभा राहून, डोके हवे तसे वळवून, एका हाताने त्वचा ताणून दुसऱ्या हाताने वस्तरा चालवतो. स्वतःचे मुंडण करणाऱ्याला डोक्याच्या मागील बाजूस यांपैकी काहीच नीट साधत नाही.

पद्धत

पहिल्या टप्प्यात केस कोरडे असतानाच लांब केस कात्रीने कमी केले जातात. नंतर कंगवा न लावलेला ट्रिमर फिरवून ते 1 ते 2 मिलिमीटरपर्यंत आखूड केले जातात. लांब केसांवर थेट रेझर चालवल्यास पात्यात केस अडकतात, जोर वाढतो आणि त्वचा कापली जाते. ज्यांना गुळगुळीत डोके आवश्यक नाही, त्यांच्यासाठी मुंडण येथेच पूर्ण होते. त्वचेला इजा होण्याची शक्यता या प्रकारात सर्वांत कमी असते.

दुसऱ्या टप्प्यात डोके कोमट पाण्याने तीन ते पाच मिनिटे भिजवले जाते. पाणी शोषलेला केस मऊ होतो व कमी जोराने कापला जातो. त्यानंतर क्रीम किंवा साबणाचा फेस लावतात. फेसामुळे पाते सहज सरकते आणि कोणता भाग झाला व कोणता राहिला हेही समजते. तेलाचा जाड थर लावल्यास पाती लवकर तुंबतात.

तिसऱ्या टप्प्यात मोकळ्या हाताची बोटे पात्याच्या पुढे फिरवून केसांची दिशा, उंचवटे आणि जुने मस वा चामखीळ चाचपून घेतात. त्यानंतर त्याच जागी रेझर फिरवतात. प्रारंभ कपाळाकडून माथ्याच्या सपाट भागावर केला जातो. पुढे दोन्ही बाजू, कानामागील भाग आणि शेवटी मान असा क्रम सोयीचा असतो. कानामागे जाताना कानाची पाळी पुढे दुमडतात. मानेच्या भागासाठी हनुवटी छातीकडे झुकवतात, म्हणजे त्वचेच्या घड्या ताणल्या जातात. सेफ्टी रेझर त्वचेशी सुमारे 30 अंशांच्या कोनात धरून दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे फटके दिले जातात. रेझरवर दाब दिला जात नाही आणि दर दोन-तीन फटक्यांनंतर पाते पाण्यात धुतले जाते.

पहिली फेरी केसांच्या वाढीच्या दिशेने असते. आवश्यकता भासल्यास पुन्हा फेस लावून दुसरी फेरी आडव्या दिशेने करतात. केसांच्या उलट दिशेने पाते फिरवल्यास डोके अधिक गुळगुळीत होते, परंतु कापलेले टोक त्वचेखाली राहून आत वाढण्याचा व पुळ्या येण्याचा संभव वाढतो. कुरळ्या केसांत व मानेवर हा त्रास विशेष जाणवतो.

शेवटी डोके थंड पाण्याने धुऊन पंच्याने न घासता टिपले जाते. राहिलेले खुंट डोळ्यांपेक्षा तळहाताने लवकर सापडतात. तुरटी ओल्या त्वचेवर फिरवल्यास बारीक ओरखड्यांतून येणारे रक्त थांबण्यास मदत होते. तुरटी हे पाते निर्जंतुक करण्याचे साधन मात्र नव्हे.

जखमा आणि संसर्ग

पाते लागल्यास ती जागा साबण व पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने पाच ते दहा मिनिटे सलग दाबून धरली जाते. जखम खोल असल्यास, दाबूनही रक्त थांबत नसल्यास किंवा पाते गंजलेले वा अस्वच्छ असल्यास वैद्यकीय सल्ला आणि आवश्यकतेनुसार धनुर्वाताची लस घ्यावी लागते.

हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी हे रक्तातून पसरणारे आजार एकमेकांचे पाते वापरल्याने होऊ शकतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. पात्यावर लागलेले रक्त डोळ्यांना दिसेलच असे नसते. म्हणून घरातील प्रत्येकाचे पाते वेगळे असणे आवश्यक मानले जाते. एकाच दिवशी कुटुंबातील अनेकांचे मुंडण होते अशा प्रसंगी, विशेषतः सुतकातील क्षौराच्या वेळी, हा नियम मोडला जाण्याचा संभव असतो. न्हाव्याकडून मुंडण करून घेतानाही प्रत्येकासाठी नवे पाते वापरले जाणे तितकेच महत्त्वाचे आहे. नायट्यासारखे बुरशीजन्य विकार ट्रिमर, कंगवा आणि पंचा यांच्यामार्फतही पसरतात.

ओले पाते लवकर गंजते व ओलसर पंच्यात जंतू वाढतात. त्यामुळे भरपूर पावसाच्या प्रदेशात पावसाळ्यात साधने पुसून कोरड्या जागी ठेवावी लागतात. वापरलेले पाते जाड कागदात किंवा डब्यात बंद करून टाकल्यास कचरा उचलणाऱ्याच्या हाताला इजा होत नाही.

विशेष काळजी

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांमध्ये छोटी जखमही बराच वेळ वाहू शकते. कर्करोगावरील औषधांमुळे रक्तबिंबिका कमी झालेल्या रुग्णांसाठी पात्याऐवजी विजेवरील यंत्र सुरक्षित समजले जाते. मधुमेह असल्यास जखम चिघळण्याची शक्यता अधिक असते. डोक्यावर केसतूड, पू असलेल्या पुळ्या किंवा पसरणारा चट्टा असल्यास तो बरा होईपर्यंत रेझर वापरणे टाळतात. उवा घालवण्यासाठी मुंडण अनिवार्य नाही. बारीक दातांची फणी आणि औषधी द्रावण यांनीही उवा जातात.

बाळाची पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत पूर्ण भरत नाही. बाळ अचानक डोके हलवत असल्याने त्याच्यावर उघडे पाते वापरण्यात जोखीम असते.

मुंडणानंतर आजवर केसांनी झाकलेली त्वचा उन्हाला सामोरी जाते आणि काही तासांत भाजू शकते. टोपी, उपरणे किंवा सनस्क्रीन यांनी तिचे संरक्षण होते. आग होत असल्यास सुगंधी द्रव्ये टाळून साधे मलम लावले जाते आणि पुढील मुंडण काही दिवस लांबवले जाते.

इच्छा आणि सक्ती

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात मुंडणाचा प्रश्न व्यक्तीच्या संमतीशी जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात ब्राह्मण व अन्य काही उच्चवर्णीय कुटुंबांत पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीचे केशवपन केले जाई आणि केस पुन्हा वाढू नयेत म्हणून ते वारंवार करावे लागे. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीत या सक्तीचे चित्रण आले आहे. जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाने या प्रथेला विरोध केला. सत्यशोधक कार्यकर्ते व कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 मध्ये मुंबईतील नाभिकांनी सभा घेऊन विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. प्रथेच्या विरोधात येथे वस्तरा चालवणाऱ्यांनीच तो खाली ठेवला, हे या घटनेचे वैशिष्ट्य मानले जाते.

एखाद्याचा अपमान करण्यासाठी किंवा शिक्षा म्हणून त्याचे डोके जबरदस्तीने भादरणे हा आज गुन्हा ठरू शकतो. स्वेच्छेने केलेल्या मुंडणाचा अर्थ मात्र प्रसंगानुसार बदलतो. दुःख, दीक्षा, नवस, आजारपण, सोय आणि आवड अशा निरनिराळ्या कारणांसाठी स्त्री-पुरुष ते करतात.