टीव्हीवरची शाळा आणि गावातली शाळा

टीव्ही म्हणजे करमणुकीची वस्तू, असे आज आपण धरूनच चालतो. पण आपल्या राज्यात ती आली तेव्हा तिच्याकडून करमणुकीइतकेच शिकवण्याचे कामही करून घ्यायचे होते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती, आमची माणसं’, मुलांसाठी ‘किलबिल’, कामगारांसाठी ‘कामगार विश्व’ असे ठरलेले कार्यक्रम असत. १९७५-७६ मध्ये तर सरकारने अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्हीचे धडे पोहोचवले. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडे १९८४ मध्ये पुण्याला ‘बालचित्रवाणी’ ही संस्था निघाली. तिने शाळकरी मुलांसाठी मराठीत पुष्कळ कार्यक्रम काढले. २०१७ मध्ये ती बंद पडली आणि पुढे तीनच वर्षांनी टीव्हीवरून शाळा भरवण्याची पाळी आली. विहीर बुजवावी आणि लगेच दुष्काळ पडावा, तसे झाले.

मी मूळचा बोनकोड्याचा. ठाणे खाडीच्या कडेचे हे आगरी-कोळी वस्तीचे गाव. एका अंगाला भाताची खाचरे, दुसऱ्या अंगाला खारजमीन आणि तिचे बांध. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले, त्यात आमचीही गेली. पण माझ्या लहानपणी गाव अजून गावच होते. मी तिसरी-चौथीत असताना, म्हणजे १९८० च्या आसपास, आमच्या आळीत एकच टीव्ही होता. लाकडी पेटी, तिला सरकते दार. टीव्ही बाळगायला तेव्हा परवाना लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. म्हणून तो घेणारा माणूस गावात जरा मानाचा समजला जाई. कौलांवरच्या अँटेनाचे तोंड खाडीपलीकडे मुंबईकडे. वारा सुटला की चित्राला मुंग्या येत. मग एकजण वर चढे, दुसरा अंगणातून ओरडे, ‘आलं, आलं... गेलं!’

घरात जागा पुरत नसे. मुले पुढे जमिनीवर, बायका भिंतीशी, पुरुष ओटीवर उभे. ‘चिमणराव’ लागले की हसण्याने कौले हलत. पण मला आजही आठवते ते वेगळेच. शेतीचा कार्यक्रम लागला की आमचे एक म्हातारे काका पडद्याशी भांडत. ‘हे आमच्या खाऱ्या रानात चालायचं नाही,’ असे ते मोठ्याने म्हणत. लगेच दुसरा कोणी त्यांना उत्तर देई, आणि कार्यक्रम संपून अर्धा तास झाला तरी बोलणे चालूच. आम्हा पोरांना जे काय कळले, ते त्या बोलण्यातून कळले. पडद्यावरचा माणूस केव्हाच निघून गेलेला असे.

पुढे मी कृषी पदवीधर होऊन शेती खात्यात आलो, तेव्हा याचा अनुभव वारंवार आला. भाताच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करा, हे रेडिओ-टीव्हीने आपल्याला किती वेळा सांगितले असेल! दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात बी ओता, तरंगणारे पोचट दाणे काढून टाका, तळाचे बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवा. एवढीच गोष्ट. विचारले की प्रत्येकजण म्हणे, ‘ऐकलंय साहेब.’ पण करणारे थोडे. कोणी मूठभर मीठ टाकलेले, कोणी बी धुतलेलेच नाही. मग अंगणात बादली मांडायची, मीठ तराजूत तोलायचे आणि घरच्या बाईच्या हातून ते बी ओतून घ्यायचे. पोचट दाणे वर आलेले तिने स्वतः पाहिले की पुढच्या मृगाला मला सांगावे लागत नसे. आमच्या खात्यात शेतावर भरणाऱ्या अशा वर्गांना ‘शेतीशाळा’ म्हणतात. नाव अगदी योग्य आहे.

आता २०२० कडे येऊ. मार्चच्या मध्याला करोनामुळे राज्यातल्या शाळा बंद झाल्या. जूनमध्ये नवे वर्ष लागले ते बंद दाराआडच. ज्यांच्याकडे मोबाइल होता त्यांचे वर्ग मोबाइलवर सुरू झाले. ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्यासाठी २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. चांगली केली होती. घरातल्याच वस्तू घेऊन, आईवडिलांना सोबत बसवून शिकायचे, अशी तिची मांडणी होती. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले गेले. सोलापुरात नीलमनगरच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. ही कल्पनाही जगात पहिली नव्हे. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात पोलिओची साथ आली, तेव्हा तिथे रेडिओवरून शाळा भरवली होती.

पण घराघरांत काय घडले ते आपण पाहिले आहे. टीव्ही एक, मुले तीन, तिघांचे तास वेगळे. पाच माणसे एका खोलीत. आई कामाला गेलेली, बाप घरी बसलेला आणि चिंतेत. वीज गेली की त्या दिवसाचा धडा गेला. आणि समजा सगळे जमले, तरी मुलाने ‘ब’ उलटा काढला तर सांगणार कोण? पडदा बोलतो, त्याला दिसत नाही. मुलाच्या वहीतले मूठभर मीठ त्याला कसे कळावे?

शाळा उघडाव्यात की नाही, यावर त्या दिवसांत घराघरांत वाद झाले. भीती खोटी नव्हती, हे आधी कबूल केले पाहिजे. बोनकोड्यापासून वाशीचा बाजार फार लांब नाही. आपल्यापैकी पुष्कळांचा कांदा-बटाटा आणि भाजीपाला तिथेच उतरतो. एप्रिल-मे २०२० मध्ये त्या बाजारात साथ पसरली आणि ११ ते १७ मे तो बंद ठेवावा लागला. गावठाणातली घरे एकमेकांना चिकटून, जिने अरुंद, भाडेकरूंच्या खोल्या दाटीच्या, घरोघर म्हातारी माणसे. पोरगा शाळेतून येईल आणि आजीला आजार देईल, ही शंका वेडेपणाची नव्हती. आमच्या आळीत एक आजोबा म्हणत, ‘शिक्षण पुढच्या वर्षी मिळेल, जीव कुठून आणायचा?’ त्यावर शेजारची सूनबाई म्हणाली, ‘मामा, पुढच्या वर्षी हा सहा वर्षांचा राहणार आहे का?’ दोघांचेही खरे होते, आणि म्हणूनच वाद मिटत नव्हता.

सरकारचीही ओढाताण झाली. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायला परवानगी मिळाली, २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे. दुसरी लाट आली आणि सगळे पुन्हा बंद. ऑगस्ट २०२१ मध्ये १७ तारखेपासून शाळा उघडण्याचा आदेश निघाला, पण डॉक्टरांच्या कृती दलाने हरकत घेतल्यावर तो थांबवला गेला. शेवटी ४ ऑक्टोबरला खेड्यांत पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून शाळा भरल्या. खेड्यातल्या पहिली ते चौथीच्या मुलांना १ डिसेंबर २०२१ पर्यंत थांबावे लागले.

हा क्रम मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. डेन्मार्क या देशाने १५ एप्रिल २०२० लाच शाळा उघडायला सुरुवात केली, ती सर्वांत लहान मुलांपासून. आपल्याकडेही जुलै २०२१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रमुखांनी सांगितले होते की लहान मुले हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगला झेलतात, तेव्हा आधी प्राथमिक शाळा उघडण्याचा विचार करावा. दहावीच्या मुलाला परीक्षा होती, मोबाइल होता, तो वाचू शकत होता. पहिलीच्या मुलाला यातले काहीच नव्हते. रोपवाटिकेचे पाणी तोडून उभ्या पिकाला पाणी द्यावे, तसा हा प्रकार. परिणाम पुढे दिसला. देशभरच्या ग्रामीण भागात होणाऱ्या ‘असर’ पाहणीत तिसरीतल्या शंभरांपैकी २७ मुलांना २०१८ मध्ये दुसरीचा धडा वाचता येत होता. २०२२ मध्ये हा आकडा २० वर आला.

त्या सर्व आदेशांत एक मात्र मला शहाणपणाचा वाटला. १५ जुलै २०२१ पासून, ज्या गावात महिनाभर एकही रुग्ण सापडला नाही, त्या गावाने ठराव करून आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करावेत, अशी मुभा दिली गेली. सरपंचाच्या अध्यक्षतेखाली समिती आणि पालकांची संमती. शेतकऱ्याला ही रीत नवी नाही. खोडकिडा जिल्ह्यात आला म्हणून आपण फवारणी करत नाही. बांधावर जातो, फुटवे मोजतो, शंभरात पाच सुकलेले दिसले तर पंप काढतो. शेजारच्या तालुक्यात काय आहे यावरून आपल्या रानाचा निर्णय होत नाही. शाळेचाही असाच, गावनिहाय मोजून व्हायला हवा होता, आणि तो पहिलीपासून.

बोनकोड्याला तीही सोय नव्हती. १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिका आहे, त्यामुळे आमचे गाव कागदावर शहर. ग्रामपंचायत नाही, ठराव करणार कोण? खालच्या वर्गांसाठी डिसेंबरात दारे उघडायची तर ओमायक्रॉन आला आणि तारीख पुढे गेली. जानेवारी २०२२ च्या सुरुवातीला पुन्हा बंद, आणि महिना संपता संपता पुन्हा सुरू. शेत गेले, गावपण गेले आणि गावाचा निर्णय गावाने घेण्याचा हक्कही गेला.

तुमच्यापैकी बहुतेकांकडे मात्र तो आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. या समितीची बैठक बहुधा खिचडी आणि गणवेश एवढ्यावरच उरकते. पुढच्या बैठकीत एक विषय मांडा. साथ आली तर आपली शाळा कशी चालेल? पटांगणात किंवा देवळाच्या सभामंडपात वर्ग बसतील का, पाळ्या लावता येतील का, घरी टीव्ही नसलेली मुले कोणती, टीव्हीवरचा धडा आळीतल्या पाच-सहा मुलांना एकत्र बसवून समजावून देईल असा शिकलेला मुलगा किंवा मुलगी कोण? नावे वहीत लिहून ठेवा.

आणि तुमच्या घरात जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल असेल, तर आज संध्याकाळी त्याला जवळ बसवून दुसरीच्या पुस्तकातले एक पान मोठ्याने वाचायला सांगा. नंतर तीन आकडी भागाकार घाला. अडखळले तर रागावू नका. त्याच्या वर्गाला दार नव्हते. उद्या सकाळी बाईंना किंवा गुरुजींना भेटून नेमके कुठे अडते ते सांगा.