तुरट चारा आणि शेळ्यांचे जंत

पाऊस लागला की आपल्या बेळगाव भागातल्या खेड्यांत शेळ्या-मेंढ्यांना जंताचं औषध पाजायची घाई सुरू होते. तरीही एखादी शेळी मलूल होते, जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज येते आणि चार दिवसांत दावं रिकामं होतं. हगवण नसल्यामुळे जंतांची शंका येत नाही.

यामागे बऱ्याचदा हिमोंकस नावाचा जंत असतो. दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा हा जंत चौथ्या पोटात राहून रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिली, म्हणजे हजार जंत असले तर रोज 50 मिली! मादी दिवसाला हजारो अंडी घालते, ती लेंड्यांतून बाहेर पडतात आणि अळ्या ओल्या गवतावर चढून पुन्हा तोंडात जातात. सगळ्या कळपाला पुनःपुन्हा तेच औषध पाजलं की त्याला दाद न देणारे जंत तेवढे उरतात आणि त्यांचीच वीण वाढते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हीच अडचण आली, तेव्हा तिथल्या संशोधकांचं लक्ष सेरिशिया लेस्पिडिझाकडे गेलं. ही शेंगवर्गीय वनस्पती मूळची पूर्व आशियातली, 1896 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात आली. मुळं खोल, त्यामुळे निकस, आंबट जमिनीतही तगते. तिच्यातल्या टॅनिनमुळे (आपल्या हिरड्या-बाभळीत असतो तो तुरटपणा) लेंडीतली अंडी घटतात, अळ्यांची वाढ खुंटते. वाळवून दिली, गोळ्या करून दिली, तरी गुण टिकतो. मात्र हा चारा बंद केला की अंडी पुन्हा वाढू लागतात. म्हणजे हे एकदा पाजून मोकळं होण्याचं औषध नव्हे.

कुणी बियाणं मागवायच्या विचारात असेल, तर आम्ही नको म्हणू. कॅन्ससमध्ये हीच वनस्पती माळरानं गिळते म्हणून तिला कायद्यानं उपद्रवी तण ठरवलं आहे. टॅनिन आपल्या बाभळीच्या पाल्यातही आहे आणि शेळ्या तो आवडीनं खातात. त्यानं सेरिशियाइतकाच गुण येईल असं गृहीत धरू नये. पण झाडपाला खाताना शेळीचं तोंड जमिनीपासून वर राहतं आणि अळ्या बहुतेक खालच्या चार बोटांतच असतात, एवढा फायदा तरी पक्का. पाला जनावराच्या मर्जीवर सोडावा. टॅनिन फार झालं तर पचन मंदावतं, खाणं कमी होतं.

औषध सोडायचंही नाही, ते निवडून द्यायचं. दक्षिण आफ्रिकेत त्यासाठी फामाचा नावाचा रंगतक्ता तयार झाला: खालची पापणी उलटून आतला रंग बघायचा, लालसर असेल तर थांबायचं, फिकी पडली असेल त्यालाच डोस. आणि औषध लागू पडतंय का याची शंका असेल, तर पाजण्याआधी आणि नंतर दहा ते चौदा दिवसांनी लेंड्या तपासून घ्याव्यात.