हायब्रीड गाडीचं सुख आणि तिचे रुसवेफुगवे

‘हायब्रीड’ म्हटलं की आपल्याकडे अजून आधी बियाणंच आठवतं. हायब्रीड ज्वारी १९६४ साली आली, कणगी भरभरून गेली. पण आमच्या आजेसासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, ‘‘पोतं भरतं गं, पण भाकरीला चव नाही.’’ आता हाच शब्द गाड्यांच्या पाठीवर चकचकीत अक्षरांत दिसतो. लग्नाच्या मांडवात, भिशीत, बचत गटाच्या बैठकीत मला हमखास विचारलं जातं, ‘‘ताई, तुमची ती हायब्रीड कशी आहे हो? घ्यावी का?’’ तीन वर्षं ही गाडी मी स्वतः चालवते आहे. कराडच्या पेठेत, पाटण तालुक्यातल्या गटांच्या गावांना आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला माहेरी. तेव्हा पोतं किती भरतं आणि भाकरीची चव कशी आहे, दोन्ही सांगते.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘‘चार्जिंगला कुठं लावता?’’ हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा आला. कुठंच लावत नाही. हिच्यात पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर, दोन्ही असतात. हळू चालताना मोटर ओढते, जोर लागला की इंजिन मदतीला येतं. ब्रेक दाबल्यावर चाकांची जी ताकद एरवी वाया जाते, तिच्यातून बॅटरी भरते. थोडक्यात, कालच्या उरलेल्या भाताचा फोडणीचा भात! जपानमध्ये टोयोटाची प्रायस १९९७ च्या डिसेंबरात आली, तेव्हापासून ही युक्ती रस्त्यावर आहे. आपल्याकडे मध्यमवर्गाला विचार करता येईल अशा किमतीत ती आली २०२२ साली.

पण मैत्रिणींनो, पाटी बघून भुलू नका. काही गाड्यांवर ‘स्मार्ट हायब्रीड’ असं लिहिलेलं असतं. त्यांच्यातली बॅटरी छोटी असते. ती इंजिनाला हातभार लावते, पण नुसत्या बॅटरीवर गाडी चालत नाही. खरी हायब्रीड, जिला ‘स्ट्राँग’ म्हणतात, ती काही अंतर इंजिन बंद ठेवून चालते. शोरूममध्ये पहिला प्रश्न हाच विचारायचा.

आता सुखाचं बोलू. क्लच नाही, गिअर टाकायचे नाहीत. पेठेतून मंडईपर्यंत जाताना पूर्वीच्या गाडीत डावा गुडघा भरून यायचा, ते थांबलं. हायवेच्या कामामुळे वाहनांची रांग लागली की इंजिन बंद पडतं, तरी एसी गार हवा देत राहतो. कारण स्ट्राँग हायब्रीडमध्ये तो बॅटरीवर चालतो. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं. शाळेबाहेर गाडी उभी असताना मुलांच्या तोंडावर धूर जात नाही. आणि गावात सहा तास लाइट गेली तरी हिचं काही अडत नाही. सासूबाई मागच्या सीटवर बसून म्हणतात, ‘‘देवघरात बसल्यासारखं वाटतं.’’

पण ही देवघरातली शांतताच पहिली अडचण. अरुंद बोळात मागून गाडी आली, तर चालणाऱ्याला चाहूल लागत नाही. म्हातारी माणसं, लहान मुलं, डोळ्यांनी अधू माणसं कानांवर विसंबून रस्त्याने जातात. युरोपात २०२१ च्या जुलैपासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक आणि हायब्रीड गाडीला ताशी २० किलोमीटरपर्यंतच्या वेगात आवाज करणं सक्तीचं आहे. आपल्याकडच्या काही गाड्याही बारीक गुणगुणतात, पण बाजाराच्या गलबल्यात ते कुणाला ऐकू जाणार? म्हणून मी बोळात चालण्याच्या वेगानेच जाते आणि गाडी मागे घेताना काच खाली करून ‘‘बाजूला व्हा हो’’ म्हणते. कर्कश हॉर्नपेक्षा ते बरं.

शांततेचा दुसरा धोका घरातला. इंजिन बंद आहे म्हणजे गाडी बंद आहे, असं नाही. समोर ‘रेडी’ची खूण दिसत असेल तर गाडी जागी आहे. तशात पोरानं गिअर हलवून पाय दाबला, तर ती निघेल. बंद गॅरेजमध्ये तशीच राहिली, तर बॅटरी भरायला इंजिन आपलं आपण सुरू होऊन विषारी धूर कोंडेल. गॅस बंद केल्याची खात्री करतो ना, तसंच उतरताना ‘रेडी’ विझल्याचं बघायचं. ही सवय घरातल्या प्रत्येकाला लावायची.

ब्रेकचंही तसंच. सुरुवातीचा दाब बॅटरी भरायला जातो, पुढचं काम नेहमीचे ब्रेक करतात. हा खांदेपालट पायाला जाणवतो. थांबताना शेवटच्या दोन हातांत गाडी जरा आचका देते. पाय हलका ठेवायला शिकलं की आठवड्याभरात जमतं. पण घरात कुणी एक जण जुनी गाडी आणि ही गाडी आलटूनपालटून चालवत असेल, तर पहिल्या चौकात थोडं सांभाळून.

खरी परीक्षा घाटात. कुंभार्ली उतरताना थोड्याच वेळात बॅटरी भरते. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी कुठं मावणार? मग मोटरचं रोखणं कमी होतं. अशा वेळी बऱ्याच हायब्रीड गाड्यांत गिअरच्या दांडीवर ‘बी’ अशी खूण असते, ती लावायची. म्हणजे इंजिन गाडीला आवरून धरतं आणि ब्रेक तापत नाहीत. आवाज वाढतो, घाबरायचं नाही. येताना चढावर उलटं. पाच माणसं, तांदळाचं पोतं, फणस आणि एसी, एवढ्या ओझ्याने बॅटरी लवकर उतरते आणि सगळा भार इंजिनावर येतो. ते मोठ्यानं ओरडतं, पण वेग मात्र सावकाश वाढतो. एसटीला मागे टाकायचं तर दोनदा विचार करावा लागतो. शहरात लोण्यासारखी चालणारी ही गाडी चढावर अगदी साध्या गाडीसारखी होते.

जागेचंही बघा. मोठी बॅटरी कुठंतरी ठेवावीच लागते, ती डिकी खाते. होंडा सिटीचंच उदाहरण घ्या. साध्या गाडीत डिकी ५०६ लिटरची, हायब्रीडमध्ये ३०६ लिटरची. आमच्या गटातली एक जण मसाले आणि पापडाचे खोके पाच तालुक्यांत पोचवते. तिला मी सांगितलं, रिकामे खोके घेऊनच शोरूमला जा आणि लावून बघ. दुसरं, अनेक गाड्यांत मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा देणारी जाळी असते. तिच्यावर पिशव्या, गोधड्या रचायच्या नाहीत आणि तिथली धूळ सर्व्हिसिंगला साफ करून घ्यायची. बॅटरी गुदमरली की तिचं आयुष्य कमी होतं.

आणखी एक रुसवा लहान बॅटरीचा. मोठ्या बॅटरीबरोबर नेहमीसारखी बारा व्होल्टची एक छोटी बॅटरीही असते. महिनाभर लेकीकडे राहून आलात आणि ती उतरलेली असली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. आणि ढकलून तर ही सुरू होतच नाही! आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवून आणावी. चिपळूणला २०२१ च्या जुलैत पूर आला, तेव्हा अंगणातल्या गाड्या बुडाल्याचं आम्ही पाहिलंय. हायब्रीड अशी पाण्यात गेली, तर बटण दाबून बघायचं नाही आणि आतल्या नारिंगी तारांना हात लावायचा नाही. त्यांच्यात घरातल्या विजेइतका किंवा त्याहून जास्त दाब असतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यालाही लावू द्यायचा नाही. शिकलेला माणूसच बोलवायचा.

आता हिशेब, कारण शेवटी प्रश्न घरातल्या पैशाचा. जाहिरातीत लिटरला सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर सांगतात. माझ्या वहीत गावात २२, हायवेवर १९ आणि सगळं मिळून २१ पडतं. माझ्या पाहण्यातली तेवढीच मोठी साधी ऑटोमॅटिक १३ देते. दोघींच्या किमतीत आम्ही घेतली तेव्हा पावणेतीन लाखांचा फरक होता. वर्षाला ९ हजार किलोमीटर फिरलात आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर बचत होते साधारण साडेसत्तावीस हजारांची. म्हणजे फरक भरून निघायला दहा वर्षं. मोठ्या बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या देतात आठ वर्षांची! वर्षाला २० हजार किलोमीटर असेल, तर तोच फरक साडेचार वर्षांत फिटतो.

आमच्या ओळखीच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका फंडाच्या पैशातून हायब्रीड घ्यायला निघाल्या होत्या. भाच्यानं मनात भरवलं होतं, ‘‘मावशी, पेट्रोल वाचेल.’’ आम्ही दोघी वही घेऊन बसलो. दवाखाना, देऊळ, वर्षातून चार वेळा गाव; सगळं मिळून चार हजार किलोमीटरसुद्धा होईनात. त्यांना खरी गरज होती दुखऱ्या गुडघ्याला क्लच नको याची. ती साध्या, लहान ऑटोमॅटिकनं भागली आणि उरलेले पैसे बँकेत राहिले. उलट त्या मसालेवाल्या मैत्रिणीचं फिरणं मोठं आणि बरंचसं गावागावांतून थांबत थांबत. तिला हायब्रीड परवडेल, डिकी पुरली तर.

आपल्याकडे गाडी घेताना बाईला विचारतात ते रंग कोणता एवढंच. पण त्या गाडीत म्हाताऱ्यांना बसवायचं, मुलांना आणायचं, सामान भरायचं आणि हप्त्यासाठी घरखर्चाला कात्री लावायची, हे कोण करतं? तेव्हा ‘‘त्यांना कळतं’’ म्हणून सोफ्यावर सरबत पीत बसू नका. स्टीअरिंगवर स्वतः बसा. गुळगुळीत हायवेवर नको, आपल्या बोळात आणि जवळच्या चढावर न्यायला सांगा, तेही घरची सगळी माणसं बसवून. नुसत्या बॅटरीवर चालते का, हमी किती वर्षांची, छोटी बॅटरी उतरली तर कुणाला फोन करायचा आणि जवळचा शिकलेला मेकॅनिक कुठल्या गावी, हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या. उत्तरं पटली आणि वहीतला हिशेब बसला, तर जरूर घ्या. रंग मग सावकाश ठरवता येतो.