औषधांचे मुद्दल

नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतील प्राध्यापक टॉम पॅटरसन पत्नीसह इजिप्तच्या प्रवासास गेले असता अकस्मात आजारी पडले. त्यांच्या पोटातील गळूत असिनेटोबॅक्टर बाउमानी या जिवाणूने ठाण मांडले होते आणि एकामागून एक प्रतिजैविक औषध त्याच्यापुढे निष्प्रभ ठरत होते. सॅन दिएगोच्या रुग्णालयात ते मृत्यूच्या दारी पोहोचले. त्यांच्या पत्नी स्टेफनी स्ट्रॅथडी या साथरोगतज्ज्ञ. शोध घेताना त्यांना एक जवळजवळ विस्मृतीत गेलेला उपचार गवसला. मार्च २०१६ मध्ये पॅटरसन यांना जिवाणूभक्षी विषाणू, म्हणजेच ‘फेज’ देण्यात आले. काही दिवसांतच ते शुद्धीवर आले आणि ऑगस्टमध्ये घरी परतले.

या उपचाराच्या इतिहासाचा एक धागा भारताशीही जुळतो. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, परंतु पाणी उकळल्यास तो गुण नाहीसा होतो, असे अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ मध्ये नोंदवले होते. पुढे १९१७ मध्ये पॅरिस येथे फेलिक्स द'हेरेल यांनी जिवाणूंचा नाश करणाऱ्या अदृश्य शक्तीस ‘बॅक्टेरियोफेज’ हे नाव दिले. १९२७ मध्ये त्यांनी भारतात पटकीच्या रुग्णांवर तिचा प्रयोगही केला. पेनिसिलीनच्या आगमनानंतर पाश्चात्त्य देशांनी हा मार्ग सोडला. जॉर्जियातील तिबिलिसीच्या संस्थेने मात्र तो जपला.

फेज जिवाणूला चिकटतो, आपले जनुकद्रव्य त्याच्या आत सोडतो, तेथेच आपली संख्या वाढवतो आणि अखेरीस जिवाणूला फोडून बाहेर पडतो. मानवी पेशींवर तो हल्ला करीत नाही. तथापि प्रत्येक फेजचे भक्ष्य ठरलेले असल्याने रुग्णागणिक योग्य फेज शोधावा लागतो. जिवाणू फेजलाही दाद देईनासे होतात. पॅटरसन यांच्या बाबतीत तसे घडले, तेव्हा नवे फेज शोधावे लागले आणि जोडीला प्रतिजैविक औषधही द्यावे लागले. म्हणून हा उपचार आजही मोजक्या रुग्णांचाच आधार आहे.

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गाने २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख माणसे थेट दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पेनिसिलीनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्येच इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. आपल्याकडे मात्र साध्या सर्दीलाही दुकानातून गोळ्या आणल्या जातात. वस्तुतः सर्दी विषाणूंमुळे होते; तिच्यावर ही औषधे चालत नाहीत. गोळ्यांच्या पाकिटावरील उभी लाल रेघ सांगते, की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नये. मागील आजारातील उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास देणे, अथवा बरे वाटताच डॉक्टरांना न विचारता औषध थांबवणे, हेही तितकेच घातक होय.

व्याजावर संसार चालतो, पण मुद्दल मोडले की पेढी बुडते, हे व्यापारी घराण्यांना सांगावे लागत नाही. प्रतिजैविकांचे सामर्थ्य हे समस्त मानवजातीचे सामाईक मुद्दल आहे. आज एका घरात ते विनाकारण खर्ची पडले, तर उद्या त्याची उणीव कोणत्या घरातील रुग्णास भासेल, हे कोणासही सांगता येणार नाही.