कुंपणातली हत्यारं

एप्रिल २०१६ मध्ये उबुंटू १६.०४ आलं आणि त्यासोबत स्नॅप आलं. तोवर आमचा हिशेब साधा होता. टर्मिनलवर काही हवं असलं की एपीटीला सांगायचं. डेबियनच्या २.१ आवृत्तीत, म्हणजे १९९९ साली, एपीटी आलं, तेव्हापासून हीच रीत. सगळी टूल्स एकत्र कुटुंबात नांदत, लायब्ररी सामायिक. दुखणं एकच, शिळेपणाचं. स्थिर आवृत्तीत एखादं टूल दोन-दोन वर्षं जुनंच मिळे.

स्नॅपनं त्यावर तोडगा काढला. टूल आणि त्याच्या लायब्ररी एकाच गाठोड्यात बांधायच्या आणि भोवती अ‍ॅपआर्मरचं कुंपण घालायचं. त्याच वर्षी एक्सडीजी-अ‍ॅपनं फ्लॅटपॅक हे नाव घेतलं, पण त्यानं आपला मोर्चा खिडकीवाल्या अ‍ॅपकडे ठेवला. ते शहाणपणाचं होतं. खिडकीत फाइल निवडायची चौकट उघडते, तुम्ही बोट दाखवता, तेवढीच फाइल अ‍ॅपच्या हाती पडते. टर्मिनलवर असं विचारणार कोण?

एकदा सर्व्हरचं उत्तर टेम्प फोल्डरमध्ये उतरवून घेतलं आणि जेसन चाळणाऱ्या टूलला दिलं. ते म्हणालं, अशी फाइलच नाही. एलएस केलं, तर फाइल समोर! दहा मिनिटं स्पेलिंग तपासत बसलो. स्नॅपमधून घेतलेल्या टूलला स्वतःचं वेगळं टेम्प असतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. फाइल होममधल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये हलवली, तर परवानगी नाही, कारण नावाआधी टिंब असलेली फोल्डरं वर्ज्य. शेवटी कॅटनं वाचून पाइपमधून दिली, तेव्हा स्वारी निमूट चालली. (याच नियमामुळे एखाद्या लबाड टूलला तुमच्या एसएसएच किल्ल्याही वाचता येत नाहीत, हे मान्य करायला हवं.)

पण दाखवाल ती फाइल वाचणं हेच तर अशा टूलचं काम. स्नॅपवाल्यांनाही हे लवकरच उमगलं असावं, कारण त्यांनी 'क्लासिक' नावाची सवलत काढली. गाठोडं तेच, कुंपण नाही. गो आणि क्युबसीटीएल याच वाटेनं मिळतात. माझ्या लेखी ही सरळ कबुली होती.

मधल्या काळात इतरांनी आपापल्या वाटा धरल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये होमब्रू २.० अधिकृतपणे लिनक्सवर आलं. २०२० मध्ये लिनक्स मिंट २० नं एपीटीच्या आडून स्नॅप शिरण्याला दार लावलं. २०२३ च्या डेबियन १२ नं पिपला सिस्टिमच्या पायथनमध्ये परस्पर लुडबूड करायला मनाई केली आणि पायथनच्या टूल्ससाठी लोक पिपएक्स वापरू लागले.

आज माझ्या मशीनवर 'स्नॅप लिस्ट' दिली, तर टर्मिनलवरच्या प्रत्येक टूलपुढे शेवटच्या रकान्यात 'क्लासिक' दिसतं. उरलेली सगळी पुन्हा एपीटीतूनच घेतो.