मिश्रीनं भूक मरते, वजनाचं काय?



मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले आणि विषय निघाला मिश्रीचा. अंगानं भरलेली एक ताई म्हणाली, "घरधन्यानं बिडी सोडली अन् पोट सुटलं. मी मिश्री सोडली तर आणखी फुगेन." दुसरी अंगानं काडी. ती म्हणाली, "मिश्री लावली की दुपारपर्यंत भूकच लागत नाही." दोघींचं म्हणणं खरं, पण अर्धंच.

बिडी, सिगारेट, मिश्री या सगळ्यांत निकोटीन असतं. धूर छातीत जाऊन किंवा मिश्री हिरड्यांतून ते रक्तात उतरतं. मग काळजाचे ठोके वाढतात, भूक मंदावते. सिगारेट ओढणाऱ्यांचं मोजमाप झालं आहे. दिवसाला २४ सिगारेटी ओढल्या तर शरीराचा दिवसभराचा ताकदीचा खर्च सुमारे १० टक्के वाढतो. म्हणजे भांडं न ठेवता चूल पेटती ठेवायची.

आता बघा, काडी अंगाच्या बाईकडे जाळायला आहेच काय? आपण आधीच सगळ्यांच्या मागून जेवतो. त्यात भूक मेली तर अशक्तपणा वाढतो. पोटुशी असली तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका असतो.

जाड बाईला तरी फायदा होतो का? नाही. सिगारेट ओढल्यावर वाढणारा हा खर्च लठ्ठ बायकांत सडपातळ बायकांपेक्षा कमी असतो आणि लवकर उतरतो, असं दिसून आलं आहे. उलट धूम्रपानानं चरबी पोटावर साठते, इन्सुलिनचं काम बिघडतं. ओढणाऱ्यांना मधुमेहाचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा ३० ते ४० टक्के जास्त असतो.

बिडी-सिगारेट सोडल्यावर वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं, हे लपवायचं कारण नाही. काहींचं वाढतही नाही. पण हृदय आणि फुफ्फुसांना होणारा फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे.

तल्लफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ बडीशेप चघळा, पाणी प्या. वेळेवर जेवा, संध्याकाळी दोघी-तिघी मिळून चालायला जा. मदत लागली तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करा, पैसे पडत नाहीत.

आमच्या गटानं ठरवलंय, मिश्रीचे वाचलेले पैसे बचतीच्या वहीत वेगळ्या रकान्यात लिहायचे. पहिली नोंद त्या दोघींचीच आहे.